अंगणातला साक्षीदार

कॅमेरे विकणाऱ्या माणसाचा कोणावर विश्वास राहत नाही, हे मी स्वतःवरून सांगते. कर्जतच्या बाजारात आमचं लहानसं दुकान आहे. शिडीवर चढणं, भिंतीला भोकं पाडणं आणि वायरी ओढणं हे आमच्या ह्यांचं काम. तो कॅमेरा नेटला जोडून मालकाला घरबसल्या मोबाइलवर दिसेल असं करून देणं माझं. लोकांना वाटतं, कॅमेरे चोरासाठी लावतात. पण चोरासाठी लावलेले कॅमेरे मी फार थोडे पाहिले आहेत.

कुंभिवलीला हायवेवर एक हॉटेलवाला आहे. त्याने गल्ल्यावर कॅमेरा लावला नाही, भटारखान्यात लावून घेतला, कारण आचारी पनीर खातो असा त्याला वहीम होता. एका फार्महाउसचे मालक मुंबईहून आम्हालाच फोन करतात, की वॉचमन माझ्या झोपाळ्यावर बसलाय, जाऊन त्याला उठवा. नेरळच्या एका बाईंनी दाराबाहेरचा कॅमेरा मुद्दाम शेजारणीच्या दाराकडे वळवून घेतला, आणि वर मलाच म्हणाल्या, "हल्ली दिवस चांगले नाहीत हो." दिवसांनी त्यांचं काय केलं होतं कोण जाणे. तेव्हापासून कोणी "जरा मोबाइलवर दिसेल असं करून द्या" म्हणालं, की माझ्या मनात पहिला प्रश्न एकच येतो. ह्याला नजर कोणावर ठेवायची आहे?

माझ्या सख्ख्या भावाने तेच मागितलं तेव्हाही हाच प्रश्न आला.

आमचं माहेर कोंडाण्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. पावसाळ्यात शनिवार-रविवारी मुंबईची पोरं लेणी बघायला येतात, आमच्या अंगणात मोटारसायकली लावतात आणि वर चढतात. हेल्मेटं आणि पेट्रोल चोरीला जायला लागलं, तेव्हा भावाने आमच्याकडूनच चार कॅमेरे बसवून घेतले होते. ते जुन्या पद्धतीचे. प्रत्येक कॅमेऱ्यातून एक जाड काळी वायर निघते आणि घरातल्या एका डब्यात जाते. डब्याला टीव्ही जोडला की अंगण दिसतं, पण ते घरात बसलेल्यालाच. पुढे भाऊ मुलांच्या शाळेसाठी नेरळला फ्लॅट घेऊन राहायला गेला. घरात आई एकटी उरली, आणि ती त्या टीव्हीवर अंगण न बघता आपली मालिका बघायची. अंगण बघायला तिला डोळे होते.

"ताई, ते कॅमेरे माझ्या मोबाइलवर आन ना," भाऊ फोनवर म्हणाला. "आयेची काळजी वाटते."

काळजी वाटते हे वाक्य ह्या धंद्यात मी इतक्या वेळा ऐकलंय की आता त्याचीच काळजी वाटते. हॉटेलवाल्यालाही आचाऱ्याच्या तब्येतीची काळजीच होती. पण भावाच्या बाबतीत संशय यायला दुसरं कारण होतं. वडील गेले तेव्हा घरावर आणि जमिनीवर आईचं, भावाचं आणि माझं अशी नावं लागली. वर्ष सरायच्या आत मी हक्कसोडपत्र करून माझा वाटा सोडला. आमच्याकडे बहिणी सोडतातच. कोणी जबरदस्ती करत नाही, पण नाही सोडलं तर माहेरच्या चहात साखर कमी पडते. मी खुशीने सोडला. त्याबद्दल साडी मिळाली आणि ती मी नेसलेही. माझं नाव निघाल्यावर राहिली दोघांची नावं, आई आणि भाऊ. आता त्या रस्त्याला जमिनीचे एजंट गोचिडासारखे चिकटलेले असतात. ज्याच्या दारात पांढरी गाडी उभी राहते, त्याच्या घरात पुढच्या सणाला दोन चुली होतात. अशा दिवसांत आईच्या अंगणात कोण येतं-जातं हे ज्याला नेरळला बसून बघायचंय, तो काळजी करतोय की पहारा, हे मला कळेना.

तरी श्रावणात आम्ही दोघं गेलो आणि काम करून दिलं. भावाला नाही म्हणायला तोंड नव्हतं, आणि दुसऱ्या कोणाकडून करून घेतलं असतं तर मला काहीच कळलं नसतं.

काम तसं अवघड नव्हतं. कॅमेरे तेच, काळ्या वायरी त्याच, फक्त मधला डबा नवा घ्यावा लागतो, ज्याला नेटची वायर लागते. रस्त्यापलीकडच्या रिसॉर्टपर्यंत नेट आलेलं होतं. तिथल्या केबलवाल्याने आमच्या आंब्यावरून वायर ओढून दिली. ह्यांनी राउटर भिंतीला ठोकला, मी काळ्या वायरी एकेक करून नव्या डब्याच्या पाठीला फिरवून बसवल्या, डब्यावरचा चौकोनी कोड मोबाइलने स्कॅन केला आणि सगळं अंगण माझ्या तळहातावर आलं. तुळस दिसली, फाटक दिसलं, आंब्याखालचा ओला चिखलही दिसला. मग तेच मी भावाच्या मोबाइलवर आणून दिलं. आई मागे उभी राहून बघत होती.

"आता ह्यो नेरळला बसून बघनार?" तिने विचारलं.

"हो."

"आनि आनखी कोन?"

"ज्याच्याकडे पासवर्ड असेल तो."

आईने पदर सारखा केला, कॅमेऱ्याकडे एकदा मान वर करून पाहिलं आणि चहा टाकायला आत गेली.

आमच्या धंद्यात एक रीत आहे, ती गिऱ्हाइकांना माहीत नसते. काम झालं की आम्ही सांगतो, पासवर्ड बदलून घ्या. ते हो म्हणतात आणि कधीच बदलत नाहीत. मग बसवणाऱ्याच्या मोबाइलवर ते घर तसंच राहतं. उद्या काही बिघडलं तर दुकानातूनच बघता यावं म्हणून आम्हीही काढत नाही. इतरांची घरं मी उघडून बघत नाही, मला तेवढा वेळ नाही आणि त्यांचे झोपाळे बघून करायचंय काय. माहेरचं अंगण मात्र बघायला लागले. का म्हणून विचाराल तर आईची काळजी वाटत होती.

पहिले काही दिवस बरं वाटलं. आई तांदूळ निवडताना दिसायची. कोंबड्यांना हाकलताना दिसायची. एकदा अंगणात मोटारसायकल लावणाऱ्या एका पोराला ती बराच वेळ काही सुनावत होती आणि तो मान खाली घालून ऐकत होता. मला हसू आलं. दुकानात गिऱ्हाईक उभं असतानाही माझा डोळा मोबाइलवर असायचा. आमचे हे म्हणाले, "एवढं माहेर तू लग्नानंतर कधी केलं नव्हतंस." मी म्हटलं, तुम्ही चार्जर विका.

गणपती झाले आणि पांढरी गाडी आली. तिच्यातून हातात फाइल घेतलेला एक माणूस उतरला. मागच्या मोटारसायकलवर भाऊ. पण त्याहून विचित्र गोष्ट पुढे दिसली. आईने त्या दोघांना ओटीवर घेतलं नाही. तिने घरातून प्लास्टिकच्या खुर्च्या बाहेर आणल्या, अंगणाच्या मधोमध मांडल्या, आणि दोघांना तुळशीजवळच्या कॅमेऱ्याकडे तोंड करून बसवलं. स्वतः पाठमोरी बसली. ऊन असं की तो फाइलवाला कपाळ पुसत होता. त्याने खुर्ची आंब्याच्या सावलीत सरकवली, तर आईने उठून ती पुन्हा ओढून जागेवर आणली. आमची आई पाहुण्याला उन्हात बसवणारी बाई नव्हे. भर दुपारी दारात आलेल्या भंगारवाल्यालासुद्धा ती आधी सावलीत बसवते, मग भाव करते.

मी अर्थ लावला तो असा, की हे भावाने तिला शिकवलंय. आपण नसताना एजंट आला, तर तो दिसावा म्हणून खुर्च्यांची जागा ठरवून दिली. म्हणजे भावाचाही एजंटावर विश्वास नाही. चोरावर मोर. पण मग आज तो स्वतः हजर असताना उन्हात कशाला बसला होता, हे काही जुळेना. रात्री जेवताना मी ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "ते बंद कर बघणं. संशयाला औषध नाही." मला त्यांचाही राग आला. दुसऱ्याच्या माहेराबद्दल शांत राहणं फार सोपं असतं.

ती खुर्च्यांची मांडणी पुन्हा झाली, आणि पुन्हा. कधी एजंट, कधी नुसता भाऊ. दर वेळी तोंड कॅमेऱ्याकडे आणि आईची पाठ मला. आई काय बोलते, कशी बोलते, तिचा चेहरा रडका आहे की रागाचा, काही दिसत नव्हतं. मी फोन करून "काय गं, कसं काय" विचारलं की ती पावसाचं सांगायची. मीही तुझ्या अंगणातली गाडी पाहिली असं म्हणू शकत नव्हते. म्हटलं असतं तर बिंग फुटलं असतं.

नवरात्रात एका दुपारी भाऊ एकटाच आला. मी काउंटरवर मोबाइल उभा करून ठेवला होता. आई घरातून नारळ घेऊन आली. हळद-कुंकू लावलेला नारळ होता, ते लाल बोट मला इथून दिसलं. तिने भावाला तुळशीसमोर उभं केलं आणि नारळ त्याच्या दोन्ही हातांत दिला. मग त्याच्या कोपराला धरून त्याला थोडं वळवलं, तोंड बरोबर कॅमेऱ्यावर येईल असं. भाऊ बोलायला लागला. त्याचे ओठ हलत होते. आई मधेच हात वर करून थांबवायची, काही सांगायची, आणि तो पुन्हा बोलायचा. बराच वेळ चाललं. सगळं झाल्यावर आईने मान वर केली आणि सरळ कॅमेऱ्यात, म्हणजे सरळ माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइल पालथा घातला.

पालथा मोबाइल लगेच वाजायला लागला. आईच होती.

"बाय, पाह्यलंस ना?"

"काय पाहिलं?"

"येड पांघरून पेडगावला जाऊ नको. लावून जानारा बघल्याबिगर रातो का कंदी? तू बघतेस ते मला पैल्या दिसापास्नं ठावं हाय. आता नीट जपून ठेव."

"काय जपून ठेवू?"

"तो बोलला ते. सगळं बोलून घेतलंय त्याच्याकडनं."

दुकान ह्यांच्यावर टाकून मी मिळेल त्या रिक्षाने गावाला गेले.

आईने मला अंगणात बसूच दिलं नाही. न्हाणीच्या मागे, जिथे अळू लावलंय आणि कॅमेरा पोचत नाही, तिथे नेऊन उभं केलं. मग सांगितलं. भावाला घर आणि जमीन सगळी एकट्याच्या नावावर हवी होती. आईचं नाव काढायचं, म्हणजे आईने बक्षीसपत्र करून द्यायचं. वरच्या माळाला गिऱ्हाईक होतं, आणि एकाच नावावर असलं की काम सोपं होतं. आई हो म्हणाली होती. दसरा झाला की कर्जतला जाऊन सही करायची ठरली होती. पण त्याआधी तिने तुळशीसमोर, हातात नारळ देऊन, त्याच्याकडून वदवून घेतलं होतं, की आई जिवंत आहे तोवर तो राहत्या घराला हात लावणार नाही, आईला ह्या घरातून हलवणार नाही, आणि मागची खोली माझ्यासाठी राहील.

"कागदातच लिहून घे ना गं हे," मी म्हटलं. "लिहिता येतं तसं."

"आयेनं लेकाकडनं लिहून घेतलं, ही गोष्ट गावात ऱ्हाईल का दडून? पुढं नातीचं लगीन व्हायचंय. सोयरे काय म्हनतील? आयेचाच भरोसा नाय, तर आमी का ठेवावा?"

"मग गावकीच्या पंचांना तरी बसवायचं होतंस."

"पंच?" आई म्हणाली. "ते ज्याच्या गाडीतनं फिरतात, त्याच्यासारखं बोलतात. ह्यो डबा कुनाचं मटन खात नाय. म्हनून त्याच्याम्होरं बोलून घेतलं. उन्हात बसवून बसवून त्या एजंटाचंबी समदं घेतलंय."

तेव्हा मला त्या खुर्च्यांचा अर्थ कळला. एवढे दिवस मी भावावर संशय घेत होते, भाऊ एजंटावर घेत असेल, आणि ह्या सगळ्यांपेक्षा जास्त संशय घेणारी बाई पाठमोरी बसलेली होती. मला तिचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी रडू आलं. कारण तिला जे सांगायचं होतं, ते मलाच सांगायला लागणार होतं.

"आये, त्याला कान नाहीत," मी म्हटलं.

"कुनाला?"

"कॅमेऱ्यांना. ते जुने आहेत, नुसतं बघतात. आवाज येत नाही. तो काय बोलला ते कुठंच नाही. नुसते ओठ हललेले दिसतात."

खाली वाकून आईने अळवाची दोन-तीन पानं खुडली, देठ मोडले, पानं उगाच एकावर एक नीट लावली. डब्यात एवढी माणसं घेऊन बसलेली बाई एकदम रिकामी झाल्यासारखी मला दिसली, आणि मी तिथेच तिला म्हटलं, की सही करू नकोस, काहीतरी कारण सांग, बाकीचं मी बघते.

"त्याला ठावं हाय का?" तिने विचारलं.

"काय?"

"कान नाय ते."

मी विचार केला. ज्या माणसाला टीव्हीचा रिमोट हरवला तर टीव्ही बंद करता येत नाही, त्याला हे कुठून माहीत असणार. "नाही," मी म्हटलं. "त्याला काय कळतंय त्यातलं."

"नक्की?"

"नक्की."

"मंग झालं," आई म्हणाली.

"काय झालं? अगं, पुरावा नाहीये कसला."

"चोराच्या मनात चांदनं असतं, बाय. कोनीतरी ऐकलंय असं वाटलं, म्हंजी मानूस शब्द फिरवताना धा येळा इचार करतो. तेवढं मला पुरं हाय. तू फकस्त तोंड उघडू नको." आणि माझ्या हातात अळू देऊन म्हणाली, फतफतं कर, जावयांना आवडतं.

दसऱ्यानंतर रजिस्ट्रार ऑफिसात सही झाली. मीही गेले होते. आईने चष्मा लावून, एकेक अक्षर सावकाश काढत आपलं नाव लिहिलं, अंगठ्याचा ठसा दिला, फोटो काढताना पदर डोक्यावर घेतला. भावाने सगळ्यांना बाहेर वडापाव खाऊ घातला. आईने अर्धा खाल्ला आणि अर्धा कागदात गुंडाळून पिशवीत ठेवला. भाऊ तिच्याशी गोड बोलत होता. मी त्याचा चेहरा वाचायचा प्रयत्न करत होते, पण लहानपणापासून ओळखीचा चेहरा वाचणं फार कठीण असतं. आपल्याला त्यात जुनंच काहीतरी दिसत राहतं.

दिवाळी उरकल्यावर तो दुकानात आला. मी एका जुन्या डब्याची पाठ उघडून बसले होते. हे कामावर खालापूरला गेले होते. भाऊ काउंटरला टेकून इकडचं तिकडचं बोलला, मुलांच्या परीक्षा, नेरळचं पाणी. मग म्हणाला, "ताई, अंगनात एक माईक बसवून दे ना. आयेकडं कोन येतं ते दिसतं मला, पन काय बोलतात ते कळत नाय. त्या कॅमेऱ्यांना आवाज नाय ना."

माझ्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर तसाच राहिला.

"आवाज नाही, हे कोणी सांगितलं तुला?"

"आमच्या सोसायटीत बसवले ना कॅमेरे, तवा त्या मानसानं सांगितलं. जुन्यांना आवाज नसतो म्हनला."

"कधी?"

"गनपतीच्या आधी," तो म्हणाला. अगदी सहज म्हणाला.

नारळ नवरात्रात हातात घेतला होता. म्हणजे तो तुळशीसमोर उभा राहून बोलला, तेव्हा त्याला माहीत होतं की त्याचं कोणी ऐकत नाहीये. आणि "नक्की" म्हणून आईला मी सांगितलं होतं. तिने सही केली ती माझ्या त्या शब्दावर. मला भावाचा राग आला की स्वतःचा, मला सांगता येत नाही.

"मग नारळ हातात घेऊन बोललास ते काय होतं?" मी विचारलं.

"ते बघितलंस तू," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, काउंटरवरचा एक माईक उचलून बोटांत फिरवत म्हणाला, "ते मी आयेला बोललो. डब्याला कोन बोलतं गं?"

हे मला खरं वाटलं. त्या क्षणी पूर्ण खरं वाटलं. कोणी ऐकत नाही हे माहीत असूनही जो आईला शब्द देतो, त्याच्याकडून आणखी काय हवं? मग लगेच दुसरं मन म्हणालं, की कोणी ऐकत नाही हे माहीत असलं म्हणजे काहीही बोलता येतं. दोन्ही गोष्टी एकाच माणसाला लागू पडत होत्या, आणि तो माझा पाठचा भाऊ होता.

"माईक लावून देते," मी म्हटलं. "पैसे नकोत. आत्ताच दुकान बंद करून तुझ्याबरोबर येते. फक्त एक कर. माईक लागला की त्याच्यासमोर पहिलं तू बोल. नवरात्रात बोललास तेच, आयेसमोर, तसंच परत."

भाऊ बाहेर रस्त्याकडे बघत राहिला. टेंपो मागे घेणारा एक माणूस ओरडत होता, तेवढा वेळ त्याला मिळाला. मग त्याने माईक खोक्यात ठेवला आणि झाकण नीट लावलं.

"माईक ऱ्हाऊ दे, ताई," तो म्हणाला, आणि मोटारसायकल चालू करून गेला.

हे मी आईला सांगितलेलं नाही. ती अजून त्याच घरात राहते, अंगण झाडते, आणि आल्या-गेल्याला खुर्ची टाकून उन्हात बसवते. तिला अजून वाटतं, त्याला ठाऊक नाही.